वाशीमहून समुद्र किती लांब?

"बाबा, आपल्या वाशीमहून समुद्र किती लांब?"

आमच्या थोरलीने हा प्रश्न विचारला तो ऐन जेवणाच्या वेळी, आणि ज्या आवाजात विचारला त्यावरूनच मी ओळखले की हा भूगोलाचा प्रश्न नव्हे. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि भूगोल हा विषय घरात कोणालाच नव्हता. मी घास हातात तसाच ठेवून सांगितले, "सरळ रेषेत मोजलं तर पश्चिमेचा समुद्र साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वेचा त्याहून लांब, सहाशेच्या घरात. का गं?"

"सहज," ती म्हणाली आणि तिने वरण वाढून घेतले.

मुलांच्या तोंडचा हा 'सहज' किती जड असतो, हे आईबापांना सांगायला नको. दोनच दिवसांनी तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे एक कात्रण चिकटवलेले दिसले. एका लहानशा होडीत उभी राहून दोन्ही हात उंचावणारी एक तरुणी. नाव अनन्या प्रसाद. मूळची बंगळुरूची, राहणार ब्रिटनमधली. 2024 च्या डिसेंबरात स्पेनच्या ताब्यातल्या ला गोमेरा बेटावरून ती एकटी निघाली आणि 52 दिवस वल्ही मारत, अटलांटिक महासागर ओलांडून, 2025 च्या सुरुवातीला वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटाला लागली. अंतर सुमारे तीन हजार मैल. शीड नाही, इंजिन नाही, सोबतीला माणूस नाही. कात्रणातल्या एका ओळीने मी मराठीचा मास्तर मात्र जागच्या जागी खिळलो. ही मुलगी म्हणे कन्नडचे राष्ट्रकवी जी. एस. शिवरुद्रप्पा यांची नात. म्हणजे कवीच्या घरातही असली माणसे निपजतात तर!

त्या रात्री सौभाग्यवतीने दिवा मालवताना बातमी फोडली. "अहो, तिला जहाजावर जायचंय म्हणे. इंजिनिअरिंग नको, डॉक्टरी नको. बारावीनंतर जहाजावरच्या अधिकाऱ्याचं शिक्षण असतं, ते घ्यायचंय. तुम्हीच काय ते समजवा."

समजावण्यासाठी पुरावा लागतो. मी पुरावा गोळा करायला बसलो.

आता खरे सांगायचे तर समुद्राशी माझा संबंध फक्त पुस्तकी. गेली वीस वर्षे मी वर्गात संतकाव्य शिकवतो. भवसागर, पैलतीर, तारू, नावाडी हे शब्द दर वर्षी फळ्यावर लिहितो, आणि समोर बसलेली निम्मीअधिक मुले अशी असतात की त्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. मी स्वतः तो पहिल्यांदा पाहिला तो एम. ए. झाल्यावर, गिरगाव चौपाटीवर, आणि घोट्याच्या वर पाणी येताच मागे फिरलो. मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते, हे कबूल करायला आता वयाची लाज उरलेली नाही. त्या भीतीचे कारण पुढे सांगणारच आहे.

तर मी पुरावे शोधू लागलो. मला हवी होती अपघातांची यादी, आणि ती मिळायला वेळ लागला नाही. 1966 साली डेव्हिड जॉनस्टन आणि जॉन होअर हे दोघे इंग्रज 'पफिन' नावाच्या होडीतून अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघाले. ऑक्टोबरात एका जहाजाला ती होडी उपडी तरंगताना सापडली. आत रोजनिशी होती आणि तिच्यातली अखेरची नोंद 3 सप्टेंबरची होती. माणसे सापडली नाहीत. पीटर बर्ड हा एकट्याने पॅसिफिक वल्हवून गेलेला पहिला माणूस. 1982 ते 83 या काळात तो 294 दिवस पाण्यावर होता. तोच 1996 साली पुन्हा पॅसिफिकवर गेला आणि परत आला नाही. 2022 च्या जानेवारीत झाँ-झाक सावँ हे पंचाहत्तर वर्षांचे फ्रेंच गृहस्थ अटलांटिकमध्ये असेच गेले. मी हे सगळे एका वहीत तारखांसकट उतरवले. वकिलाने खटल्याची तयारी करावी तशी माझी तयारी चालली होती.

पण पुरावे शोधताना दुसऱ्या बाजूचे साक्षीदार वाटेत भेटतातच, त्याला इलाज नाही.

पहिले भेटले ते जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युअलसन. नॉर्वेत जन्मलेले, अमेरिकेत जाऊन न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शिंपले गोळा करून पोट भरणारे हे दोन कष्टकरी. 1896 च्या जून महिन्यात ते न्यूयॉर्कहून अठरा फुटांच्या उघड्या होडीतून निघाले आणि 55 दिवसांनी इंग्लंडजवळच्या सिली बेटांना लागले. त्यांची हकीकत जॉन फेअरफॅक्स नावाच्या एका मुलाने लहानपणी वाचली आणि ती त्याच्या डोक्यातून काही केल्या जाईना. 20 जानेवारी 1969 रोजी तो कॅनरी बेटांवरून एकटा निघाला. 180 दिवसांनी, 19 जुलैला, फ्लोरिडाच्या वाळूवर उतरला. एकट्याने वल्हवून महासागर ओलांडणारा हा पहिला माणूस. दुसऱ्याच दिवशी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, तेव्हा जगाचे लक्ष या दाढीवाल्याकडे कशाला जाते? पण त्या चांद्रवीरांनी मात्र पृथ्वीवर परतल्यावर त्याला अभिनंदनाचे पत्र पाठवले. हा मजकूर वाचून मी वही मिटली आणि चहा मागवला.

1969 हे साल आपल्याकडेही कोरडे गेले नाही. त्याच वर्षी पिनाकी चटर्जी आणि जॉर्ज अल्बर्ट ड्यूक हे दोघे कलकत्त्याहून एका वल्ह्यांच्या होडीने अंदमानला पोचले. आणि त्या होडीचे नाव काय असावे? 'कान्होजी आंग्रे'! बंगालच्या उपसागरात, बंगालच्या किनाऱ्यावरून निघालेल्या होडीवर आपल्या कुलाब्याच्या सरखेलांचे नाव. मराठी माणसाने हे वाचून छाती फुगवावी, पण माझी फुगेना, कारण मी तर विरुद्ध पक्षाचा वकील होतो. पुढे 2007 साली मुंबईचे भाविक गांधी ला गोमेराहून अँटिग्वाला 106 दिवसांत एकटेच वल्हवत गेले. अटलांटिक असा एकट्याने पार करणारे पहिले आशियाई म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. म्हणजे कात्रणातल्या मुलीच्या वाटेवर एक मुंबईकर सतरा-अठरा वर्षे आधीच जाऊन आला होता, आणि आम्हाला वाशीमला त्याचा पत्ताही नव्हता.

हळूहळू माझ्या वहीत अपघात कमी आणि होड्यांची वर्णने जास्त येऊ लागली. महासागरावर जाणारी ही होडी साधारण वीस-चोवीस फुटांची असते. आपल्याकडच्या एखाद्या खोलीच्या लांबीपेक्षा थोडी जास्त. दोन्ही टोकांना दोन बंद खोल्या, म्हणजे कपाटेच म्हणा ना. एकीत माणूस झोपतो, दुसरीत सामान. मध्ये उघडी जागा, तिथे बसायची बैठक. खोल्यांची दारे घट्ट लावलेली असली की होडी उलटली तरी आतल्या हवेमुळे आपोआप सुलटी होते. दार उघडे राहिले तर मात्र होत नाही. वरच्या पत्र्यांवर ऊन पडून वीज तयार होते, त्या विजेवर समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र चालते. तुफान आले तर पाण्यात एक मोठी छत्री सोडतात. ती होडीचे तोंड लाटेकडे धरून ठेवते आणि माणूस आत पट्ट्याने स्वतःला बांधून पडून राहतो.

वल्हवणे हे हातांचे काम, असा माझा समज होता. तसे नाही. बैठकीखाली चाके असतात. पायांनी रेटा देऊन माणूस मागे सरकतो आणि त्या रेट्यावर वल्हे ओढले जाते. खरा जोर पायांचा आणि पाठीचा. दिवसातून दहा-बारा तास हे चालते. तळहातांना फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात. खाऱ्या पाण्याने कातडी सोलते, बसायच्या जागी जखमा होतात. होडीच्या बुडाला शिंपल्यासारखे जीव चिकटून वेग कमी करतात, तेव्हा भर समुद्रात उतरून ते खरवडावे लागतात, कमरेला दोरी बांधून. झेरार दाबोव्हील हा फ्रेंच माणूस 1991 साली जपानहून अमेरिकेला 134 दिवसांत गेला, तेव्हा त्याची होडी तिसाहून अधिक वेळा उलटली. रॉझ सॅव्हेज ही ऑफिसातली नोकरी सोडलेली इंग्रज बाई. 2005 च्या अखेरीस ती अटलांटिकवर निघाली. तिची चारही वल्ही वाटेत मोडली. मोडकी वल्ही बांधून-चिकटवून तिने 103 दिवसांत पैलतीर गाठला. टोरी मर्डेन ही अमेरिकन बाई तर 1998 साली चक्रीवादळात सापडून हरली, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा निघून 81 दिवसांत अटलांटिक पार करून मोकळी झाली. एकटीने अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री ती.

या सगळ्यांत एक गोष्ट मला फार वेळ छळत राहिली. वल्ही मारणारा माणूस ज्या दिशेला जातो तिकडे त्याची पाठ असते. तीन हजार मैल जायचे, ते पाठमोरे. निघताना सोडलेला किनारा तेवढा दिसतो, आणि तोही लहान होत होत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाहीसा होतो. पुढचा किनारा पाहायचा तर मान वळवून. मला वाटले, हा केवढा अन्याय! इतके कष्ट करायचे आणि पुढचे दिसायचेही नाही.

मृगाचा पाऊस झाला, बारावीचा निकाल लागलेला होता, प्रवेशपरीक्षाही ती चांगल्या गुणांनी उतरली होती. पालकाच्या संमतीचा कागद माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होता. मी रोज तो पाहत असे आणि रोज त्यावर दुसरा एखादा कागद ठेवत असे. एका रविवारी सकाळी थोरली म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी समुद्र किती लांब ते विचारलं होतं. तुम्ही किलोमीटर सांगितले. चला, आज मी तुम्हाला दाखवते."

तिने मला मोटारसायकलीवर मागे बसवले आणि काटा गावाच्या परिसरातल्या टेकड्यांकडे नेले. आमच्या वाशीम तालुक्यातलेच हे गाव. दोन्ही बाजूंना नुकतीच पेरलेली सोयाबीनची शेते, मधून तुरीची तासे, काळ्या मातीत बोटभर हिरवे कोंब. चढावर गाडी थांबवून ती म्हणाली, "इथं उभे राहा. या बाजूला पडलेला पाऊस काटेपूर्णेत जातो. काटेपूर्णा अकोल्याकडे उतरते, पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवाला तापीत, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्रात. आणि त्या बाजूला पडलेला पाऊस जातो पूस नदीत. पूस माहूरकडे जाऊन पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. दोन्ही नद्या याच टेकड्यांतल्या. बाबा, आपल्याला समुद्र लांब आहे म्हणतात. आपल्या तालुक्यातून दोन समुद्रांना वाटा फुटतात!"

मी गप्प राहिलो. या जिल्ह्यात माझी हयात गेली. वत्सगुल्म हे वाशीमचे जुने नाव, वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, पद्मतीर्थाचा महिमा, 1998 साली अकोल्यापासून वेगळा झालेला जिल्हा, हे सगळे मी पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवतो. पण आपण एका पाणलोटाच्या माथ्यावर राहतो, आपल्या पन्हाळीचे पाणीही कोणत्या तरी समुद्राला जायला निघालेले आहे, हे मला माझ्या मुलीने दाखवावे लागले.

मी तिला म्हटले, "मग पूसचं पाणी ज्या उपसागरात जातं, त्यातूनच 'कान्होजी आंग्रे' अंदमानला गेली." आता तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या वहीची तिला कल्पना नव्हती. मग मी तिला सगळे सांगितले. फेअरफॅक्स सांगितला, मोडकी वल्ही बांधणारी रॉझ सांगितली. पश्चिमेच्या समुद्राची गोष्ट राहू नये म्हणून कमांडर दिलीप दोंदे यांचीही सांगितली. ती वल्ह्यांची नव्हे, शिडाची. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादई' या बोटीतून 19 ऑगस्ट 2009 रोजी ते मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार बंदरे घेत पृथ्वीची प्रदक्षिणा करून 2010 च्या मे महिन्यात परत आले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून त्याच बोटीतून अभिलाष टॉमी गेले, ते कुठेही न थांबता. आणि म्हादई हे तरी काय? मांडवी नदीचेच वरच्या अंगाचे नाव. एका नदीचे नाव घेऊन बोट सगळे महासागर हिंडून आली.

"बाबा," ती हसून म्हणाली, "तुम्ही माझ्या बाजूनं कधी झालात?"

"मी कोणाच्याच बाजूनं नाही," मी म्हटले. ते खोटे नव्हते.

परतताना ती एकबुर्जीच्या तलावाकडे वळली. वाशीमला पाणी पुरवणारा हा तलाव. काठावर आमच्या ओळखीचे एक भोई जाळे वाळवत बसले होते. त्यांची पत्र्याची लहान नाव काठाला बांधलेली होती. थोरलीने आधीच ठरवून ठेवले असावे, कारण ती सरळ जाऊन म्हणाली, "काका, मला वल्हवायला शिकवा."

भोईकाकांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली की हलवली ते मला आठवत नाही. त्यांनी मोटारीची फुगवलेली एक ट्यूब तिच्या कमरेभोवती बांधली आणि म्हणाले, "सर, तुमी बी बसा नं. काऊन उभे?"

मी बसलो नाही. काठावरच उभा राहिलो. बाभळीच्या एका झाडाला हात टेकून.

नाव सुटली आणि गोल फिरू लागली. थोरली सारखी मान वळवून पुढे पाहत होती आणि जितकी पुढे पाही तितकी नाव तिरकी जाई. भोईकाका समोरच्या फळीवर बसून हसत होते. पाण्यावरून त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"ताई, पुढं नका पाहू. पुढं पाह्यलं का नाव वाकडी जाते. मांगचं झाड धरा. ते बाभयीचं झाड नावेच्या टोकावर ठिवा, अन् मारा वल्हं. झाड सरलं नाही म्हंजे तुमी सरळ चालल्या."

तिने मान पुढे वळवणे सोडले. ती माझ्याकडे पाहू लागली. खरे तर माझ्याकडे नव्हे, मी ज्याला टेकलो होतो त्या झाडाकडे. नाव सरळ झाली. दोन्ही वल्ही एकदम पाण्यात जाऊ लागली, आणि ती माझ्याकडे बघत बघत माझ्यापासून लांब जाऊ लागली. मी झाडाचा हात काढला नाही. तलावाच्या मध्यावर पोचल्यावर ती एवढीशी दिसत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ओसरीवर आलो तर आई जागीच होती. ऐंशी उलटलेल्या माणसाची झोप ती किती! माझ्या पाण्याच्या भीतीचे मूळ आईपाशी आहे, असे मी आयुष्यभर समजत आलो होतो. ती गोष्ट आता सांगितली पाहिजे.

माझे बालपण रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यात गेले. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांची शाळा नदीपलीकडच्या गावात. पावसाळ्यात ते रविवारी संध्याकाळी नावेने पलीकडे जात आणि शनिवारी परत येत. मी चौथीत होतो त्या वर्षी श्रावणात असेच ते नावेत बसले, आणि नाव धारेला लागली तेवढ्यात वरून पाण्याचा लोंढा आला. अंधार पडत होता. नाव खाली ओढली जाताना दिसली आणि मग दिसेनाशी झाली. आई कंदील घेऊन काठावर उभी होती. मी तिच्या लुगड्याला धरून. पाऊस होता, वारा होता. माणसे म्हणत होती, घरी चला. ती हलली नाही. कंदिलातले तेल संपेपर्यंत ती उभी होती. वडील सुखरूप असल्याचा निरोप आम्हाला मंगळवारी मिळाला. त्या दिवसापासून आईने मला नदीत पाय टाकू दिला नाही, आणि पुढे मीही कधी हट्ट केला नाही.

म्हणून मला वाटत होते की या घरात थोरलीला कोणाचा विरोध व्हायचा असेल तर तो आईचा. आम्ही दोघांनी तिला काही सांगितलेच नव्हते. पण घरातल्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांपासून लपत नाहीत.

"पोरीच्या कागदावर सही नाही केली म्हन्ते तू," आई म्हणाली.

मी म्हटले, "आई, तूच सांग. तो पूर तू पाहिलास. त्या रात्री काठावर तू कशी उभी होतीस, ते मी अजून विसरलो नाही. तसं मला उभं राहायला सांगू नको."

आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुले एक गोठ माहीत नाही. तुह्या बापानं मले मंग सांगतली होती. पुरात नावाड्याले पलीकडचा काठ काही दिसत नव्हता. त्याची पाठच होती तिकडं. त्याचं तोंड आपल्याइकडं. त्याले एकच दिसे, माह्या हातातला कंदील. तो कंदील धरून त्यानं नाव काढली. तुहा बाप म्हने, कंदील हालला असता त आमी गेलो असतो. माहे हात भरून आले होते रे. पन म्या हात हालू देला नाही."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. चाळीस वर्षे होत आली. त्या रात्रीची माझी आठवण एवढीच होती की आई भिऊन थिजून उभी आहे. तिचे हात दुखत होते, आणि दुखत असूनही ती ते हलू देत नव्हती, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या वेळी तिलाही ते ठाऊक नसणार. नावाड्याला काय दिसते आहे, हे काठावरच्या माणसाला कसे कळावे? तिने कंदील धरला होता तो धरायचा म्हणून.

"मग मला पाण्यात का जाऊ दिलं नाहीस?" मी विचारले.

"भेव वाटे," ती सरळ म्हणाली. "चुकलंच माहं. तू नको चुकू."

सकाळी मी पेपरवेटखालचा कागद काढला. सही करताना हात कापला, हे सौभाग्यवतीने पाहिले, पण ती काही बोलली नाही. तिने डब्यात बेसनाचे लाडू भरायला घेतले. प्रवासाला अजून महिना होता.

अपघातांची ती वही मी थोरलीला दिली. म्हटले, "यातलं काही खोटं नाही. मेलेल्यांचीही नावं आहेत, पोचलेल्यांचीही आहेत. वाचून ठेव." तिने ती ट्रंकेत तळाला ठेवली. कात्रण मात्र भिंतीवर तसेच राहू दिले. ती जाईल ते जहाज लोखंडाचे असेल, प्रचंड असेल, त्यावर माणसे असतील, तिला कोणी वल्ही मारायला लावणार नाही. फेअरफॅक्सच्या किंवा अनन्याच्या एकांताशी तिच्या नोकरीची तुलना करण्याचा मोह मी टाळतो. पण घरातून पहिल्यांदा निघणारे कोणतेही माणूस थोडेफार पाठमोरेच जात असते, एवढे मला त्या तलावाच्या काठावर समजले.

तिला पोचवायला आम्ही दोघे स्टेशनवर गेलो. गाडी सुटली तेव्हा ती दारात उभी होती, तोंड आमच्याकडे. सौभाग्यवती डोळे पुसत होती. मी खांबाशेजारी उभा राहिलो आणि गाडीचा शेवटचा डबा वळणावरून दिसेनासा होईपर्यंत जागचा हललो नाही. सहकारी प्राध्यापकांपैकी कोणी पाहिले असते तर त्यांना वाटले असते की सरांना काहीतरी झाले आहे.

आता अधूनमधून एकबुर्जीकडे गेलो की भोईकाका विचारतात, "ताई कुठवर गेल्या सर?" मी सांगतो, "अजून शिकत्येय. पाण्यावर जायला वेळ आहे." ते मान डोलावतात आणि म्हणतात, "तुमी बी शिकून घ्या नं. पाच मिन्टाचं काम हाये." मागच्या रविवारी मी त्यांच्या नावेत बसलो. ट्यूब कमरेला बांधली होती आणि एक हात नावेच्या कडेला घट्ट धरला होता, त्यामुळे वल्हवणे काही झाले नाही. पण बसलो.

यंदा दिवाळीला थोरलीला सुट्टी मिळेल की नाही ते अजून कळलेले नाही. आईने मात्र माळ्यावरून आकाशकंदील आताच काढायला लावला आहे. तो नेहमीपेक्षा उंच बांध म्हणते.